गाडीच्या काचेवरची खूण आणि नियम १०० चा प्रवास

गाडीच्या प्रत्येक काचेच्या एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं असतं. काच बनवणाऱ्या कंपनीचं नाव, आयएसआयचं चिन्ह, त्याच्या वर आयएस २५५३ हा मानकाचा क्रमांक, खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक. बऱ्याच काचांवर वर्तुळातला ई आणि शेजारी एखादा आकडाही दिसतो. काळ्या फिल्मवरून आपल्याकडे इतकी वर्षं वाद चालू आहे, पण त्यात या अक्षरांकडे क्वचितच कुणी पाहिलं. काच किती काळी, एवढंच मोजलं गेलं. खूण मात्र मुळात वेगळ्याच प्रश्नासाठी आली होती: ही काच फुटते कशी?

साधी काच फुटली की लांब, धारदार तुकडे होतात. मोटारी आल्या तेव्हा हीच काच त्यांना बसवलेली असे आणि छोट्या अपघातातही चेहरे, गळे कापले जात. १९०३ मध्ये एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत एक चंबू खाली पडला, तडकला, पण विखुरला नाही. आत सुकलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या थराने तुकडे धरून ठेवले होते. १९०९ मध्ये त्याने दोन काचांमध्ये असा थर घालण्याचं पेटंट घेतलं. पहिल्या महायुद्धात ही काच गॅस मास्कच्या डोळ्यांवर गेली, मग मोटारींच्या पुढच्या काचेत आली. सुरुवातीचे थर उन्हात पिवळे पडत. तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात पीव्हीबी हे प्लास्टिक आलं आणि तो त्रास संपला. आजची लॅमिनेटेड काच पीव्हीबीवरच उभी आहे.

दारांच्या काचा बहुतेक वेळा टफन्ड असतात. काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करायची, म्हणजे पृष्ठभाग आवळला जातो आणि आत ताण धरून राहतो. अशी काच फुटली तर खडीसाखरेएवढे बोथट खडे होतात. खुणेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की टफन्ड काच नंतर कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही. एका जागी खोलवर दुखावली तर सगळीच फुटते. त्यामुळे आकार, कडा, भोकं आणि साधारणपणे कोपऱ्यातली छपाईही भट्टीत जाण्याआधीच उरकावी लागते. भट्टीत पक्की झालेली ती सिरॅमिक शाई नखाने खरवडून निघत नाही. कोपऱ्यात अशी खूण असणं म्हणजे काच कारखान्यातूनच सुरक्षा काच म्हणून निघाल्याचं कारखानदाराने कायम लिहून दिलेलं असणं. नंतर चिकटवलेल्या स्टिकरला ती किंमत येत नाही.

खुणेमागे चाचण्या असतात. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या नियम ४३ नुसार टफन्ड काच मुद्दाम फोडून तुकडे मोजतात: पाच सेंटीमीटर बाजूच्या चौकोनात किमान चाळीस भरले पाहिजेत. कमी भरले, म्हणजे तुकडे मोठे आणि म्हणून घातक. पुढच्या लॅमिनेटेड काचेवर २,२६० ग्रॅमचा पोलादी गोळा चार मीटरवरून सोडतात. तो आरपार जाता कामा नये. वर्तुळातला ई याच व्यवस्थेतून येतो आणि शेजारचा आकडा मान्यता देणारा देश सांगतो: १ म्हणजे जर्मनी, २ फ्रान्स, ११ ब्रिटन. ही व्यवस्था १९५८ च्या जिनिव्हा करारावर चालते आणि भारत त्या करारात नाही. आपण १९९८ च्या समांतर करारात आहोत. म्हणजे निर्यातीसाठी काचेवर ई उमटला तरी भारतातली बाजू आयएस २५५३ भाग २ नेच भागते. नुसता ई पाहून काच घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आपला कायदा इथवर आला तो १ जुलै १९८९ ला. त्या दिवशी मोटार वाहन कायदा आणि केंद्रीय मोटार वाहन नियम एकत्र लागू झाले. नियम १०० ने गाडीच्या काचा सुरक्षा काचेच्याच हव्यात असं सांगितलं. लॅमिनेटेड पुढच्या काचेसाठी उत्पादकांना तीन वर्षं दिली. दुचाकी आणि शेतीचे ट्रॅक्टर त्यातून वगळले. त्याच नियमात प्रकाशाचं प्रमाणही आलं: पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के. फुटणं आणि दिसणं या दोन अटी एकाच नियमात शेजारी बसल्या. पण रस्त्यावर तपासायला सोपी होती ती दुसरीच, आणि पुढची दोन दशकं चर्चा तिच्याभोवतीच फिरली.

२७ एप्रिल २०१२ ला अविषेक गोयंका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काचेवर कोणत्याही प्रमाणाची काळी फिल्म लावायला मनाई केली. काळ्या काचांआड होणारे गुन्हे हा याचिकेचा गाभा होता. निकालाचा कायदेशीर पाया मात्र साधा आणि माझ्या मते भक्कम होता. नियम काचेबद्दल बोलतो. काच बनतानाच ७० आणि ५० टक्क्यांत बसली पाहिजे, तिच्यावर नंतर काही चिकटवण्याची सोय नियमात नाही. कारखान्यातून रंगीत निघालेली, प्रमाणात बसणारी काच चालत होती. तेवढाच प्रकाश सोडणारी फिल्म चालत नव्हती. गाडीवाल्यांना हा अन्याय वाटला. पण कोपऱ्यातली खूण मूळ काचेची ग्वाही देते, वर चढवलेल्या थराची नाही, हे लक्षात घेतलं की त्यातला तर्क दिसतो.

मग नियमाचे शब्दच बदलले. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने नियम १०० मध्ये सुरक्षा काचेच्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा अधिक व्यापक शब्द आला. त्याला आधार होता आयएस २५५३ भाग २ च्या २०१९ च्या सुधारित आवृत्तीचा; आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर असलेली काचही तिच्यात बसते. प्रकाशाच्या अटी होत्या तशाच राहिल्या. याच सुमारास, २०२० मध्ये, केंद्राने सुरक्षा काचेसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून आयएसआय चिन्ह सक्तीचं करायचं ठरवलं. त्याच्या अंमलबजावणीची तारीख पुढे ढकलली गेली आणि त्या मधल्या काळात संभ्रम वाढला. वाहनाचा नियम एक बोलत होता, बाजारातल्या मालाचा आदेश अजून लागू व्हायचा होता, आणि तपासणीला उभा असलेला पोलीस २०१२ चा निकाल धरून होता.

सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ही गाठ सोडवायला घेतली. २०१२ चा निकाल जुन्या नियमावर होता; दुरुस्तीनंतर मानकात आणि ७०-५० च्या मर्यादेत बसणारं ग्लेझिंग चालेल, आणि ते राखण्याचा हक्क फक्त वाहन उत्पादकाचा नाही, गाडीच्या मालकाचाही आहे, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल केरळचा आहे. इतर राज्यांच्या उच्च न्यायालयांवर तो बंधनकारक नाही.

आता भार पुन्हा खुणेवर आला आहे, पण फिल्म लावली असेल तर ती एकटी पुरत नाही. काच ८० टक्के प्रकाश सोडणारी आणि तिच्यावरची फिल्म ६० टक्के सोडणारी असेल, तर दोन्ही मिळून ४८ टक्क्यांच्या आसपास उरतात, म्हणजे बाजूच्या काचेलाही अपुरे. फिल्मच्या वेष्टनावरचा आकडा ग्राहकाला हे सांगत नाही आणि काचेवरची खूण तर फिल्म लागण्याआधीची असते. मोजायचं ते दोन्ही थर मिळून. म्हणून फिल्म लावणाऱ्याकडून, किंवा फुटलेली काच बदलून घेताना दुकानदाराकडून, बिलावर मानकाचा क्रमांक आणि प्रकाशाचं प्रमाण लिहून घ्यावं. बदललेल्या काचेचा परवाना क्रमांक कोपऱ्यातल्या छपाईशी ताडून पाहावा.