सॉलिटॉन आणि तंतुप्रकाशीय संदेशवहन

सॉलिटॉन : आपला आकार आणि वेग कायम राखून दूरवर जाणारा एकाकी तरंग. रंकाळ्यात खडा टाकला की उठणारी वलये पसरत पसरत विरतात. सॉलिटॉन तसा विरत नाही. 1834 मध्ये जॉन स्कॉट रसेल या अभियंत्याने एडिंबरोजवळच्या युनियन कालव्यात, एकाएकी थांबलेल्या नावेपुढून सुटलेला पाण्याचा असा उंचवटा पाहिला आणि घोड्यावरून मैल-दोन मैल त्याचा पाठलाग केला. त्याच्या निरीक्षणावर समकालीन गणितज्ञांनी शंकाच घेतल्या. अशा तरंगाचे वर्णन करणारे कोर्तवेग व द व्ह्रीस यांचे समीकरण 1895 मधले, तर ‘सॉलिटॉन’ हे नाव झाबुस्की व क्रुस्कल यांनी 1965 मध्ये दिले.

काचतंतूत हाच प्रकार प्रकाशाच्या स्पंदाबाबत, म्हणजे संदेश वाहणाऱ्या क्षणिक झोताबाबत, घडतो. 1550 नॅनोमीटरच्या आसपास साध्या तंतूत निळ्या बाजूचे घटक तांबड्या बाजूच्या घटकांपेक्षा वेगाने जातात. या अपस्करणामुळे 10 पिकोसेकंदांचा (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) स्पंद कोल्हापूरहून सुमारे 230 किमीवरील पुण्याला पोहोचेपर्यंत जवळजवळ शंभरपट रुंदावेल आणि शेजारच्या स्पंदांत मिसळून जाईल. मात्र प्रकाश तीव्र असेल तर काचेचा अपवर्तनांक किंचित वाढतो. या केर परिणामामुळे स्पंदाचा पुढचा भाग तांबड्याकडे व मागचा निळ्याकडे झुकतो. पुढचा रेंगाळतो, मागचा त्याला गाठतो, आणि स्पंद आवळलेला राहतो. दोन्ही परिणाम नेमके तोलले गेले की सॉलिटॉन तयार होतो. हा तोल फुकट मिळत नाही : त्याच तंतूत स्पंदाची रुंदी निम्मी करायची तर कमाल शक्ती चौपट लागते.

ही कल्पना हासेगावा व टॅपर्ट यांनी 1973 मध्ये बेल प्रयोगशाळेत मांडली. मोलेनॉवर, स्टोलेन व गॉर्डन यांनी 1980 मध्ये ती प्रयोगाने दाखवली. खरी अडचण ऱ्हासाची होती. चांगल्या तंतूतही दर 15 किमीला शक्ती साधारण निम्मी होते आणि तोल ढळतो. म्हणून 1988 मध्ये मोलेनॉवर व स्मिथ यांनी तंतूतच रामन विवर्धन करून, म्हणजे सोबत सोडलेल्या दुसऱ्या प्रकाशाची ऊर्जा स्पंदांना देऊन, स्पंद 4000 किमीपलीकडे नेले. पुढे एर्बियमयुक्त तंतूंचे विवर्धक सोयीचे ठरले, पण विवर्धकाच्या गोंगाटाने स्पंदांची वेळ डळमळते, हा गॉर्डन व हाउस यांनी 1986 मध्येच दाखवलेला दोष उरला.

सॉलिटॉनने दूरसंचाराचे क्षेत्र जिंकले, असे मात्र म्हणता येत नाही. कलासंबद्ध ग्राही (प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर त्याची कलाही मोजणारे) आणि अंकीय संकेतप्रक्रिया आल्यावर अपस्करणाची भरपाई ग्राहीतच गणिताने होऊ लागली, आणि स्पंदाला वाटेत सांभाळण्याची निकड संपली. आज सॉलिटॉनचा उपयोग मुख्यतः अतिलघुस्पंदी तंतुलेसर आणि सूक्ष्म अनुनादकांतील (प्रकाश फिरता ठेवणाऱ्या अतिलहान कड्यांतील) वारंवारता-कंगवे, म्हणजे समान अंतरावरच्या वारंवारतांच्या रांगा, यांत होतो.