सज्जनगडाच्या कड्यावरची शिंदळ माकुडी

साताऱ्यातल्या गच्च्यांवर आणि खिडक्यांच्या कठड्यांवर अलीकडे जी खुजी, मांसल झाडे दिसतात, त्यांतील बहुतेक परदेशी वाळवंटांतून आलेली आहेत. अडेनियमचे मूळ अरबस्तान आणि आफ्रिकेत, तर लिथॉप्स व हॅवर्थियाचे दक्षिण आफ्रिकेत. या पाहुण्यांच्या पंगतीत एक झाड मात्र अगदी घरचे आहे. त्याचे शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका असून गावाकडे त्याला शिंदळ माकुडी म्हणतात, आणि शिवनेरीवर आढळत असल्यामुळे अलीकडे शिवसुमन हे नावही रूढ होत आहे. जगाच्या पाठीवर ते नैसर्गिक अवस्थेत केवळ महाराष्ट्रात, पश्चिम घाटाच्या मोजक्याच कड्यांवर उगवते; शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, महाबळेश्वरचा परिसर आणि आपला सज्जनगड ही त्यांतील परिचित ठिकाणे होत.

शास्त्राच्या दप्तरात या झाडाची नोंद १८६४ साली झाली. मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक असलेला स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ निकोल अलेक्झांडर डॅल्झेल याने अलेक्झांडर गिब्सनसह इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यानंतर तीन वर्षांनी त्याने या झाडासाठी एक स्वतंत्र प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) स्थापन केली आणि तिला तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचे नाव दिले. सत्ताधाऱ्याचे नाव फुलाला देण्याची तेव्हाची रीतच होती. पण हे नाव सातारकराला थोडे अधिक बोलते, कारण हाच फ्रियर १८४७ पासून साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे संस्थानच्या दरबारी इंग्रजांचा प्रतिनिधी, होता, आणि १८४८ मध्ये छत्रपती शहाजीराजे निवर्तल्यावर संस्थान खालसा होण्याच्या आधी व नंतरही येथील कारभार त्याच्याच हाती राहिला. रेसिडेन्सीपासून सज्जनगड काही कोसांवर आहे. तेथल्या कड्यावरचे झाड त्याने कधी पाहिले की नाही, यावर तर्क लढवण्यात अर्थ नाही. योगायोग मात्र पुढेही चालू राहिला. १८७७ मध्ये फ्रियर उच्चायुक्त म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेला, आणि शिंदळ माकुडीच्या स्टॅपेलिया गोत्रातील, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटातील, सर्वाधिक वैविध्य आहे तेही तेथेच.

हे गोत्र मुळात कोरड्या मुलखातले. आफ्रिका, अरबस्तान आणि भारत एवढ्या पट्ट्यात पसरलेल्या या झाडांनी पाने जवळजवळ सोडून दिली असून त्यांचे मांसल, बहुधा कोनदार खोडच हिरवे राहून पानांचे काम करते. शिंदळ माकुडीचे खोड गोलसर असते आणि पावसाळ्यात तिला चांगली ठसठशीत, जाडसर पाने येतात. गोत्रात हे लक्षण एवढे वेगळे होते की ते पानवाल्या पूर्वजांचा अवशेष असावे, असे अनेकांना वाटले. नावाचा प्रवासही त्याच संभ्रमातून झाला. १९५८ मध्ये गॉर्डन राउली याने तिला कॅरालुमा प्रजातीत घातले, तर २००२ मध्ये रेणवीय (डीएनएच्या) अभ्यासाच्या आधारे मेव्ह आणि लीडे यांनी ती बाउसेरोसिया प्रजातीत समाविष्ट केली. पानांच्या आधारावर मांडलेली स्वतंत्र चूल अशा रीतीने मोडली, कारण शिंदळ माकुडी भारतातील बिनपानांच्या भावंडांच्याच घरातली ठरली. रोपवाटिकांत आणि अभ्यासकांच्या बोलण्यात मात्र जुने फ्रेरिया हेच नाव टिकून आहे, आणि माझ्या मते ते सुटसुटीतही आहे.

तिच्या दुर्मिळतेचा बोलबाला झाला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस, जेव्हा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या संदर्भात जगातील सर्वाधिक धोक्यातील बारा वनस्पतींमध्ये तिचा उल्लेख होऊ लागला. चराई, वणवे, दरडी आणि संग्राहकांचे हात ही धोक्याची नेहमीची कारणे येथेही आहेत.

कुंडीतल्या संगोपनाचे गणित या पार्श्वभूमीतूनच सुटते, कारण मांसल झाड म्हणजे वाळवंटी झाड हे समीकरण येथे अर्धेच खरे आहे. सज्जनगडाच्या बाजूला पावसाळ्याचे चार महिने कड्यावरून पाणी निथळत असते, पण बसाल्टच्या फटीत साठलेल्या मूठभर मातीत ते थांबत नाही. पुढचे सहा-सात महिने त्याच फटीत थेंबही नसतो. झाड या दोन्ही टोकांशी जुळवून घेते: पावसात पाने काढते, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिवळे ठिपके असलेली, कडेला केस असलेली, दोनेक सेंटिमीटरची गडद तांबूस फुले देते, आणि कोरड सुरू झाली की पाने गाळून नुसत्या बोटाएवढ्या जाड खोडावर उन्हाळा काढते. मी पहिले रोप याच टप्प्यावर घालवले. जानेवारीत पाने गळालेली पाहून मला ते तहानलेले वाटले, मी रोज पाणी घालत गेलो आणि पंधरवड्यात खोड बुडाशी मऊ पडले. पाने गळणे ही त्याची झोप आहे. तेव्हा महिन्यातून एखादा हलका शिडकावा पुरतो, आणि नियमित पाणी नवी पाने फुटल्यावरच सुरू करावे.

मातीच्या बाबतीत कडाच गुरू मानावा. चाळलेला मुरूम आणि जाड वाळू मिळून दोन भाग, त्यात एक भाग कुजलेले शेणखत, आणि तळाला खापऱ्यांचा थर असलेली उथळ मातीची कुंडी एवढे पुरेसे होते. जिल्ह्यातला पाऊस सगळीकडे सारखा नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. महाबळेश्वरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. त्यामुळे वाई-महाबळेश्वरकडच्यांनी कुंडी पागोळीखालून हलवून वळचणीला ठेवावी, आणि दहिवडीकडच्यांनी मात्र पावसाळ्यातही खंड पडला तर पाणी द्यावे. सकाळचे ऊन मानवते. एप्रिलमधले दुपारचे ऊन आडोशाने अडवलेले बरे, कारण कड्यावरही ते निवडुंगाच्या जाळीच्या आधाराने वाढताना दिसते. मुळांवर पिठ्या ढेकूण येतात, ते कुंडी बदलतानाच नजरेस पडतात.

गडावरून रोप उपटून आणण्याचा मोह अनेकांना होतो. उपटलेले रोप बहुधा जगत नाही, कारण फटीतली मुळे तुटून मागेच राहतात. त्याची गरजही नाही, कारण लागवडीतल्या रोपाची बोटभर लांबीची फांदी कापून चार-पाच दिवस सावलीत ठेवली आणि कापलेली जागा सुकली की ती मुरमाच्या मिश्रणात आडवी टेकवावी. जूनच्या पहिल्या सरींच्या सुमारास लावलेली फांदी लवकर मुळे धरते.