रिपब्लिकन पक्षात नेता ठरेना, त्यामागचा नाशिकचा इतिहास

निवडणूक जवळ आली की नाशिकमध्ये रिपब्लिकन ऐक्याची भाषा सुरू होते आणि अर्ज माघारीच्या दिवसापर्यंत ती विरते. खापर नेत्यांच्या अहंकारावर फुटतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. या पक्षात नेता कोण, हे भांडण सुरुवातीपासून पक्षानं कुठे जायचं यावरून झालं. त्यातली एक बाजू लढवली दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या भाऊराव कृष्णाजी ऊर्फ दादासाहेब गायकवाडांनी.

2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांना नाशिकमध्ये ठाण मांडून बसणं शक्य नव्हतं. इथली बाजू दादासाहेबांनी सांभाळली. दिशा पत्रांतून मिळायची. 1934 मध्ये बाबासाहेबांनी त्यांना कळवलं की मंदिरप्रवेशात शक्ती खर्च करण्यापेक्षा राजकारण आणि शिक्षणाकडे वळावं. पुढच्याच वर्षी येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. 1937 मध्ये दादासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात गेले. नंतर त्या पक्षाच्या जागी बाबासाहेबांचं शेड्युल्ड कास्ट फेडरेशन आलं. या सगळ्या काळात नेता निवडायचा प्रश्नच नव्हता.

तो 6 डिसेंबर 1956 नंतर उभा राहिला. बाबासाहेबांच्या जागी एका माणसाला बसवणं कुणालाच झेपणारं नव्हतं, म्हणून अध्यक्षीय मंडळाची, म्हणजे अनेकांनी मिळून नेतृत्व करायची, वाट काढली गेली. 1957 ची लोकसभा फेडरेशननं संयुक्त महाराष्ट्र समितीसोबत लढवली आणि दादासाहेब नाशिकमधून खासदार झाले. 3 ऑक्टोबर 1957 ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, अध्यक्ष मद्रासचे एन. शिवराज. महाराष्ट्रातल्या कुणाला पुढे करायचं, हा पेच त्यामुळे तेवढ्यापुरता टळला, असं मला वाटतं.

पण दोन वर्षांत फूट पडलीच. दादासाहेबांना भूमिहीनांचा लढा हवा होता. गायरान आणि पडीक जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा, ही मागणी घेऊन 1959 मध्ये नाशिक-खानदेशात सत्याग्रह झाले. समितीत कम्युनिस्ट बरोबर होतेच. पक्षातलेच नेते बी. सी. कांबळे आणि त्यांच्या बाजूच्या शिकलेल्या तरुण मंडळींना यात साम्यवादाचा वास आला. बाबासाहेबांचा मार्ग घटनेचा, कायद्याचा, असं त्यांचं म्हणणं. कांबळे गट ‘दुरुस्त’ ठरला आणि गायकवाड गटाला ‘नादुरुस्त’ म्हणू लागले. धोतरवाले विरुद्ध सूटबूटवाले अशीही टिंगल व्हायची. तिच्यात तथ्य होतं: पक्षाचा मतदार बहुतेक शेतमजूर होता, तर पक्षात पुढे येऊ पाहणारी पिढी वकिलांची आणि पदवीधरांची.

शिवराज 1964 मध्ये वारले आणि धुरा दादासाहेबांकडे आली. त्याच वर्षी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना दहा मागण्यांचं निवेदन दिलं गेलं. भूमिहीनांना जमीन, किमान वेतन, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती. आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र. 6 डिसेंबरला देशभर सत्याग्रह सुरू झाला. तुरुंगात गेलेल्यांचा आकडा पक्ष तीन लाखांच्या वर सांगतो. रिपब्लिकन राजकारणाचा हाच सर्वांत मोठा क्षण, असं माझं मत आहे, आणि तो जागावाटपाच्या बैठकीत घडलेला नाही.

मग 1967 मध्ये काँग्रेसशी समझोता. समझोत्यावरून पक्षाचे नेते बॅ. राजाभाऊ खोब्रागडे वेगळे झाले. दुसऱ्या बाजूची सूत्रं रा. सू. गवईंकडे गेली. दादासाहेब 29 डिसेंबर 1971 ला गेले. पुढच्या वर्षी दलित पँथर ही तरुणांची लढाऊ संघटना जन्मली ती या नेत्यांवरच्या रागातूनही.

पुढची कथा ओळखीची आहे. नव्वदच्या दशकात ऐक्य झालं, पुन्हा अध्यक्षीय मंडळ नेमलं गेलं. 1998 मध्ये प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, गवई आणि जोगेंद्र कवाडे असे चौघे एकाच वेळी खासदार झाले, तेही सर्वसाधारण जागांवरून. वर्षभरात ऐक्य संपलं. आठवले 2011 मध्ये सेना-भाजपकडे वळले, आंबेडकरांनी वंचित बहुजन आघाडी काढली. आता वाद युती कुणाशी, एवढाच उरला आहे. जमिनीचा विषय कोणत्याच गटाच्या यादीत वर नाही. 2004 पासून राज्य सरकारची एक योजना मात्र अनुसूचित जातींच्या भूमिहीन कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्यासाठी आहे, आणि ती दादासाहेब गायकवाडांच्या नावानं चालते.