सोलर तापतो, मग पाणी कुठे अडते?

डिसेंबरातल्या सकाळी साताऱ्यात गरम पाण्याचा कॉक पूर्ण उघडावा आणि त्यातून करंगळीएवढी कोमट धार यावी, हा अनुभव गच्चीवर सोलर असलेल्या बऱ्याच घरांनी कधी ना कधी घेतलेला असतो. अशा वेळी ‘सोलर गेला’ असे सरसकट म्हटले जाते. पण या एका वाक्यात दोन निराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पहिली, पाणी तापतच नाही. दुसरी, पाणी तापते पण न्हाणीघरापर्यंत पोहोचत नाही. माझ्या मते दुसरी शक्यता आधी तपासावी, कारण तिला पैसे लागत नाहीत. दुपारी तीनच्या सुमारास गच्चीवर जावे, सोलरच्या टाकीतून गरम पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपाला टाकीलगत हाताच्या मागच्या बाजूने हळूच स्पर्श करावा आणि त्याच वेळी खाली कोणाला तरी कॉक उघडायला सांगावे. वर पाइप चटका देतो आणि खाली, पुरेसे पाणी सोडूनही, धार बारीक व थंडच राहते, असे असेल तर दोष तापण्यात नसून वाहण्यात आहे.

घरगुती सोलरमध्ये बहुधा पंप नसतो, ही गोष्ट आपण विसरतो. पाणी तापले की प्रसरण पावते आणि हलके होते. 20 अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्याचे वजन सुमारे 998 ग्रॅम भरते, तर 60 अंशांना तेवढेच पाणी सुमारे 983 ग्रॅम भरते. या 15 ग्रॅमच्या फरकावर सगळा कारभार चालतो. सपाट काचेच्या पेटीच्या सोलरमध्ये तांब्याच्या बारीक नळ्यांतले तापलेले पाणी वर टाकीकडे सरकते आणि टाकीच्या तळाचे गार पाणी त्याची जागा घेते. काचेच्या नळ्यांच्या सोलरमध्ये हाच खेळ प्रत्येक नळीच्या आतच चालतो. गरम पाणी नळीच्या वरच्या अंगाने चढते आणि गार पाणी खालच्या अंगाने उतरते. एक मीटर उंचीच्या स्तंभात या फरकातून मिळणारा जोर जेमतेम 15 मिलिमीटर पाण्याच्या दाबाएवढा, म्हणजे बोटाच्या एका पेराहूनही कमी असतो. इतक्या नाजूक ढकलण्याला पेटीच्या पाइपात अडकलेला हवेचा लहानसा बुडबुडासुद्धा थोपवून धरू शकतो.

थंड देशांत घरे उबदार ठेवण्यासाठी भिंतीला लावलेल्या रेडिएटरमधून गरम पाणी फिरवतात, तिथेही रोगनिदान हातानेच सुरू होते. रेडिएटर खाली गरम आणि वर गार असेल तर वर हवा साचलेली असते; बारीक चावीने वरचा स्क्रू किंचित सैल केला की हवा फुसफुसत निघते आणि पाण्याचे थेंब दिसताच स्क्रू आवळायचा असतो. उलट, वर गरम आणि खाली मधोमध गार असेल तर तळाशी लोहाच्या ऑक्साइडचा काळा गाळ बसलेला असण्याची शक्यता मोठी. आपल्या गच्चीवर ती चावी नसते, पण तर्क तोच लागू पडतो: हवा उंचवट्यावर जाऊन बसते, गाळ तळाला जातो.

आमच्या घरी हा तर्क दिवाळीच्या आधी कामी आला. वरची गार पाण्याची टाकी धुऊन पुन्हा भरली आणि दुसऱ्या दिवसापासून गरम पाणी सुतासारखे येऊ लागले. गच्चीवर जाऊन पाइपाचा माग काढला, तेव्हा असे दिसले की सोलरच्या टाकीतून निघालेला गरम पाण्याचा पाइप आधी खाली येतो, मग गच्चीचा कठडा ओलांडण्यासाठी दीड-दोन फूट वर चढतो आणि तिथून भिंतीलगत खाली उतरतो. वरची गार पाण्याची टाकी रिकामी झाली तेव्हा या कमानीत हवा शिरली होती आणि पाणी परत आल्यावर तिला बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. शिवाय वरच्या टाकीतले पाणी कमानीपेक्षा थोडेच उंच असल्यामुळे हवेला ढकलून नेण्याएवढा दाबही मिळत नव्हता. दर मीटर उंचीमागे एका चौरस सेंटीमीटरवर अवघा 100 ग्रॅम भार पडतो. प्लंबरच्या भाषेत ‘लाइनने एअर धरली’ म्हणतात ते हेच. आलेल्या प्लंबरने न्हाणीघरातल्या मिक्सरच्या, म्हणजे गार आणि गरम पाणी एकत्र करणाऱ्या नळाचे तोंड तळहाताने घट्ट दाबले आणि आधी गार, मग गरम असे दोन्ही कॉक उघडले. बाहेर वाट नसल्याने गार पाणी उलट्या दिशेने गरम पाइपात चढले. मिनिटाभराने भिंतीत खाकरल्यासारखा आवाज झाला, हात काढताच नळ दोन-तीनदा थुंकला आणि मग अखंड, वाफाळती धार लागली. कायमचा इलाज म्हणून त्याने कमानीच्या माथ्यावर एक उभा, वरून उघडा एअर पाइप जोडला. त्याचे तोंड गार पाण्याच्या टाकीतील पातळीपेक्षा उंच असावे लागते, नाही तर त्यातून पाणीच वाहत राहते.

गंमत अशी की याच युक्तीचे नकळत झालेले रूप हा दुसरा, अधिक चकवणारा दोष आहे. मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे ठेवून पुढचा शॉवरचा कॉक तेवढा बंद केला, किंवा मिक्सरच्या आतले वॉशर झिजले, तर गार आणि गरम लाइन आतल्या आत जोडल्या जातात. गार लाइनला प्रेशर पंप असेल तर पंपाचा जोर गार पाणी थेट सोलरच्या टाकीकडे रेटतो आणि घरातल्या सगळ्याच नळांना कोमट पाणी येऊ लागते. सोलर बिचारा निर्दोष असतो. एकेक मिक्सरचे खालचे अँगल कॉक बंद करून पाहिले की अपराधी सापडतो.

पाणी कोणते, यावरही बरेच अवलंबून आहे. कासच्या तलावातून येणारे पावसाचे पाणी तुलनेने कमी क्षारांचे असते, तर बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे विरघळलेले क्षार बहुधा जास्त असतात. असे पाणी तापले की त्यातल्या बायकार्बोनेटचे विघटन होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर बसतो. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता, त्यांनी त्याच्या आतून खरवडून काढलेल्या खपल्या पाहिल्या असतील. त्याच खपल्या पेटीच्या सोलरच्या बारीक नळ्यांत साचतात. हा थर तांब्यापेक्षा शंभर पटींहून अधिक मंदपणे उष्णता वाहतो आणि वर वाटही अरुंद करतो. पेटीची काच तापलेली आणि टाकी मात्र कोमट, असे दिसले तर एअरच्या खालोखाल क्षारांचाच संशय घ्यावा. सौम्य आम्लाने ते निघतात, पण हे काम घरच्या घरी करू नये. तीव्र आम्ल वापरले तर क्षारांबरोबर तांबेही खाल्ले जाते.

पाणी खरोखरच तापत नसेल तर आधी सावली पाहावी. साताऱ्यात 11 मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर असतो, म्हणून उन्हाळ्यात सोलर बसवताना शेजारची भिंत कोणाच्या लक्षात येत नाही. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य माध्यान्हीला दक्षिणेकडे सुमारे 49 अंशांवरच चढतो आणि दहा फुटांची भिंत पावणेनऊ फूट सावली टाकते. अजिंक्यतारा किल्ल्याचा डोंगर शहराच्या दक्षिणेला असल्याने अगदी पायथ्याच्या घरांना हिवाळ्यात ऊन त्यातही कमी वेळ मिळू शकते, त्याला प्लंबर काय करणार? नेमक्या याच दिवसांत उसाचा हंगाम असतो आणि शेतात पाचट पेटवले की काळी काजळी वाऱ्याबरोबर येऊन काचेवर बसते. ती पुसणे मात्र आपल्या हाती आहे. शंभर लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 4.65 युनिट वीज लागेल एवढी उष्णता हवी, आणि ती सगळी त्या काचेतून आत यायची असते.

काचेच्या नळ्यांची तपासणी तर नुसत्या डोळ्यांनी होते. दुहेरी काचेच्या या नळीत मधल्या पोकळीतली हवा काढून टाकलेली असते आणि खालच्या टोकाला आतून बेरियमचा आरशासारखा चंदेरी लेप असतो. नळीला बारीकशी चीर गेली आणि हवा आत शिरली की तो लेप दुधासारखा पांढरा होतो. अशी नळी पाणी धरून ठेवते, पण उष्णता नाही. ती बदलून टाकी पुन्हा भरायची ती मात्र पहाटे किंवा सूर्य मावळून नळ्या निवल्यावर. उन्हात रिकाम्या राहिलेल्या नळीची आतली काच 200 अंशांच्या पुढे तापू शकते, आणि तिच्यात दुपारी गार पाणी सोडले तर एका नळीच्या दुरुस्तीत बाकीच्या नळ्यांचाही चुरा होतो.