भाषण तेच, आवाज दुसरा: भल्या माणसाची माईकसमोर बोबडी का वळते

सप्टेंबर १८९६. मुंबईत सभा भरलीय, अध्यक्ष काँग्रेसचे बडे पुढारी फिरोजशहा मेहता, आणि त्यांचं नाव ऐकून कॉलेजच्या पोरांनी हॉल असा खच्चून भरलाय की पाय ठेवायला जागा नाही. बोलणार आहे सव्वीस वर्षांचा एक बॅरिस्टर, दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी, म्हणजे भारतीय, लोकांचे हाल सांगायला आलेला. भाषण आधीच लिहून, छापून तयार आहे, फक्त वाचायचंय. तो वाचायला लागतो आणि अंग थरथरायला लागतं. फिरोजशहा धीर देतायत, मोठ्याने वाच, अजून मोठ्याने, आणि दर वेळी आवाज अजूनच खाली जातोय. शेवटी केशवराव देशपांडे हे जुने मित्र मदतीला येतात, कागद हातात घेतात, त्यांचा आवाज चांगला खणखणीत पण पब्लिक ऐकायला तयार नाही, "वाच्छा, वाच्छा" असा एकच गलका. मग काँग्रेसचेच दुसरे पुढारी दिनशा वाच्छा उठतात आणि तेच भाषण वाचतात. हॉल चिडीचूप. शेवटपर्यंत सगळे ऐकतात, जिथे पाहिजे तिथे टाळ्या, जिथे पाहिजे तिथे "शेम, शेम".

तो बॅरिस्टर म्हणजे मोहनदास गांधी, आणि हे सगळं त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलंय. मला यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं तर कागदावरचा एक शब्दही बदलला नव्हता. हाल तेच, आकडे तेच, मागणी तीच. बदलला फक्त आवाज. म्हणजे इथे दोन वेगळे प्रश्न आहेत, एक म्हणजे त्या माणसाच्या शरीरात असं काय झालं, आणि दुसरा, ज्याच्याकडे आपण फारसं बघतच नाही, ऐकणाऱ्यांच्या डोक्यात काय झालं.

आधी शरीराचं बघू. मराठीत घाबरण्याचे वाक्प्रचार काढून बघा, जवळजवळ अख्खं शरीरशास्त्र त्यात आहे. तोंडचं पाणी पळालं, हातपाय गार पडले, पोटात गोळा आला, बोबडी वळली. हे नुसते अलंकार नाहीत, असंच होतं. मेंदूत आत खोल अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग आहे, धोका दिसला की तो घंटा वाजवतो, तिथून हायपोथॅलॅमस या मेंदूतल्याच दुसऱ्या भागाला निरोप जातो आणि मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. आता पळायचंय किंवा लढायचंय असं समजून शरीर रक्त मोठ्या स्नायूंकडे वळवतं, मग पोटाचा वाटा कमी होतो, कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात म्हणून बोटं गार, लाळ कमी होते म्हणून घशाला कोरड. वाघ समोर आला तर यातलं सगळं कामाचं आहे. भाषणासाठी मात्र यातलं काहीच कामाचं नाही, कारण आवाज कशाने तयार होतो तर फुफ्फुसातून एका लयीत बाहेर येणाऱ्या हवेवर स्वरतंतू थरथरतात त्याने, आणि घाबरल्यावर श्वास वरच्या वर, छातीतल्या छातीत, तुटक व्हायला लागतो आणि गळ्याचे स्नायू ताणले जातात. हवा कमी आणि तार ताणलेली, त्यामुळे आवाज चिरका, पातळ, कापरा होतो. अशा वेळी कुणी "मोठ्याने बोल" म्हणालं तर तो माणूस करणार काय, मोठ्याने बोलायला जी हवा लागते तीच तर नाहीये. फिरोजशहांनी मनापासून धीर दिला पण तो उलटा बसला, यात मला काहीच नवल वाटत नाही.

आणि शब्दच आठवत नाहीत ते वेगळंच. कपाळामागचा मेंदूचा जो भाग वाक्याची पुढची कडी हातात धरून ठेवतो तो जास्त ताणाखाली ढिला पडतो. गांधीजी १८९१ मध्ये विलायतेहून शिकून आले आणि मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिली केस घेतली, फी ३० रुपये, साक्षीदाराची उलटतपासणी करायला उभे राहिले आणि डोकं गरगरायला लागलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसले, फी परत केली, दुसरा वकील करा म्हणाले आणि कोर्टातून निघून गेले. अभ्यास नव्हता असं नाही, सापडतच नव्हता.

पण समोर वाघ नाही, माणसंच आहेत, तरी मेंदू इतका का घाबरतो? जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये एक पद्धत मांडली जी आजही जगभर ताणाच्या अभ्यासासाठी वापरली जाते. तुम्हाला थोडी तयारी करायला देतात, मग पाच मिनिटं भाषण, नोकरीच्या इंटरव्ह्यूसारखं, आणि समोर बसलेली माणसं चेहऱ्यावरची रेषही हलवत नाहीत, मान डोलवत नाहीत, हसत नाहीत. मग १०२२ मधून १३ वजा करत जायचं, चुकलात की पुन्हा पहिल्यापासून. एवढ्याने लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढलं. कुणी मारलं नाही, ओरडलं नाही. पुढे २००४ मध्ये असे २०८ प्रयोग एकत्र करून बघितले तेव्हा दिसलं की सगळ्यात जास्त कॉर्टिसॉल दोन गोष्टी एकत्र आल्या की वाढतं, लोक आपल्याला जोखतायत ही भावना आणि परिस्थिती आपल्या हातात नाही ही भावना. माणूस कळपाचा प्राणी आहे, टोळीने बाहेर टाकलं तर एकट्याने जगणं अवघड होतं, म्हणून चारचौघांत नाचक्की होण्याची भीती इतकी खोल असावी असं शास्त्रज्ञांना वाटतं. गंमत म्हणजे त्याच गांधीजींनी १८९३ मध्ये प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांसमोर व्यापारातल्या सचोटीवर भाषण केलं आणि ते बरं झालं होतं. घरगुती बैठक, थोडी माणसं, मनातला विषय. मुंबईत मात्र अनोळखी गर्दी, अध्यक्षपदी एवढा मोठा वक्ता, आणि आपला आवाज मागे पोचत नाही हे डोळ्यांना दिसतंय. माणूस तोच.

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवायला पाहिजे, तोतरेपणा. घाबरल्यामुळे अडखळणं वेगळं आणि तोतरेपणा वेगळा, तो लहानपणीच सुरू होतो, मोठ्या माणसांत साधारण शंभरात एकाला असतो, बोलण्याच्या हालचालींचं टायमिंग सांभाळणारी मेंदूतली यंत्रणा वेगळी चालते म्हणून होतो आणि त्यात आनुवंशिकतेचाही भाग आहे. अशी बरीचशी माणसं गाताना किंवा सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना अजिबात अडखळत नाहीत. जो बायडन लहानपणी तोतरे होते, कविता आरशासमोर म्हणून म्हणून त्यांनी त्यावर काम केलं, तरी अमेरिकेचे अध्यक्ष झाल्यावरही एखाद्या शब्दावर थांबायचे.

आता ऐकणाऱ्यांचं डोकं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांना एक छोटा व्हिडिओ दाखवला, मजकूर शब्दशः तोच, एका गटाला शिक्षिका ताठ उभी राहून, नजरेला नजर देऊन, सफाईदार बोलताना दिसली आणि दुसऱ्या गटाला तीच बाई खाली वाकून, कागदात बघत, अडखळत वाचताना. पहिल्या गटाला वाटलं आपल्याला खूप समजलं. परीक्षा घेतली तर दोन्ही गट जवळपास सारखे. म्हणजे सफाईदार बोलणं ऐकून ज्ञान वाढत नाही, ज्ञान वाढल्याची भावना वाढते. माझ्या मते राजकारणातली निम्मी फसगत इथेच होते.

त्यात आवाजाच्या पट्टीची भर. २०१२ च्या एका प्रयोगात "मला मत द्या" अशा अर्थाचं एकच वाक्य कॉम्प्युटरवर थोडं खालच्या आणि थोडं वरच्या पट्टीत करून ऐकवलं, तर लोकांनी जास्त करून खालच्या पट्टीला मत दिलं, बाईचा आवाज असो की पुरुषाचा. आता आधीचं आठवा, घाबरल्यावर पट्टी वर जाते. म्हणजे घाबरलेल्या माणसाला दुहेरी फटका, आधी शरीर साथ सोडतं आणि मग त्याच कारणाने ऐकणारे. मनमोहन सिंगांचं घ्या, २४ जुलै १९९१ चा अर्थसंकल्प त्यांनी त्यांच्या त्या हळू, सपाट आवाजातच मांडला, आणि देशाचं आर्थिक धोरण त्या दिवसापासून वळलं. तरी पुढे दहा वर्षं पंतप्रधान असताना त्यांच्या कामापेक्षा त्यांच्या न बोलण्यावरच जास्त चर्चा झाली असं मला वाटतं. धोरणावर टीका जरूर करावी, पण आवाजावरून माणूस कमकुवत ठरवणं हा आपल्या कानांचा दोष आहे.

एका गावच्या ग्रामसभेत मी हे जवळून बघितलंय. सरपंच ताई पहिल्यांदाच निवडून आलेल्या. टँकर कुठल्या वाडीला कधी गेला, किती खेपा झाल्या, सगळं त्यांच्या वहीत तारखेनिशी. पण माईकसमोर उभं राहिल्यावर हातातला कागद असा थरथरत होता की त्याची फडफड स्पीकरमधून मागच्या रांगेपर्यंत ऐकू येत होती, आणि ती फडफड ऐकून त्या अजूनच घाबरत होत्या. मागून कुणीतरी म्हणालं, ताईंना काही येत नाही, दादांना बोलू द्या. दादा म्हणजे त्यांचे मिस्टर. ते उठले, जोरात बोलले, टाळ्या घेतल्या, आणि टँकरचा एकही आकडा सांगू शकले नाहीत. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांसाठी आहेत, म्हणजे अशा कितीतरी ताई असतील ज्यांची वही कुणी उघडूनच बघितली नाही. मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

अशा माणसांसाठी उपयोगी म्हणावं असं विज्ञानात बरंच काही आहे. २००३ मधल्या एका अभ्यासात दिसलं की बोलणाऱ्याला आपली घाबरगुंडी जेवढी दिसतेय असं वाटतं तेवढी ती समोरच्यांना दिसत नाही, आणि नुसतं हे आधी सांगितलं तरी लोकांची भाषणं सुधारली. २०१४ मध्ये असंही दिसलं की "शांत हो, शांत हो" असं स्वतःला बजावण्यापेक्षा "मला उत्साह आलाय" असं म्हणणाऱ्यांची भाषणं जास्त चांगली झाली, कारण धडधड दोन्हीकडे सारखीच असते, तिला दाबून टाकण्यापेक्षा तिला दुसरं नाव देणं सोपं जातं. बाकी मग साध्या गोष्टी, सुट्या कागदाऐवजी वही किंवा पुठ्ठा धरायचा म्हणजे फडफड होत नाही, शक्य असेल तर बसून बोलायचं, आधी दहा माणसांत मग पन्नास माणसांत. भीती पूर्ण जाते असं नाही.

गांधीजींचीही गेली नाही. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये दक्षिण आफ्रिकेचा ठराव मांडायला ते पुन्हा थरथरत उभे राहिले. अध्यक्षपदी तेच दिनशा वाच्छा. बोलायला पाच मिनिटं होती, ती संपायच्या आतच वाच्छांनी घंटा वाजवली. अजून दोन मिनिटं उरलीत, आटपतं घ्या, एवढाच त्या घंटेचा अर्थ होता, पण गांधीजींना ते माहीत नव्हतं, बाकीचे अर्धा अर्धा तास बोलले तेव्हा घंटा ऐकू आली नव्हती, त्यांना लागलं आणि ते तिथेच खाली बसले. मग हात वर झाले आणि ठराव एकमताने मंजूर झाला.