मीटर 12 दाखवतोय, मग पंप का फिरत नाही?

पावसाळ्यात उद्यमनगरातल्या गॅरेजात सेल्फ फिरतोय पण स्टार्ट होत नाही अशी कार आली की पहिला डायलॉग ठरलेला, टाकीतला पेट्रोलचा पंप गेलाय, टाकी उतरवा. थांबा की जरा!

पेट्रोल गाडीत नुसती चावी ऑन केली की बहुतेक वेळा मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घूंऽ ऐकू येतं, पंप लाईनमध्ये प्रेशर भरतो आणि इंजिन फिरत नसेल तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्याला बंद करतो. आवाजच नाही तर आधी फ्यूज, मग रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच) बघायचा. रिले टिक वाजला म्हणजे 85-86 नंबरच्या पिनांमधली कॉइल जिवंत आहे एवढंच कळतं, करंट पुढं सोडणारा 30 आणि 87 या पिनांमधला पॉइंट जळका असेल तर टिक होऊनही करंट पुढं जात नाही, हे लई जण विसरतात.

खरा घोळ पुढं आहे. पंपाचा कनेक्टर काढून मीटर लावायचा, 12 व्होल्ट दिसले की वायरिंग ओके आणि पंप खराब असा निकाल द्यायचा. आता डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण 10 मेगाओहम, तो करंट ओढतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळं वायरीत एकच तार शिल्लक असली तरी तो बिनधास्त 12 दाखवणार. पैलवान नुसता शड्डू ठोकतोय तोवर त्याचा दम कळतो का? पंपाला समजा 5 अँपिअर लागतात आणि गंजून हिरव्या पडलेल्या पिनेत अर्धा ओहम रेझिस्टन्स आहे, तर ओहमच्या नियमानं त्याला पूर्ण करंट द्यायला 2.5 व्होल्ट त्या पिनेतच जाणार, वर साडेबारा वॅटची उष्णता तेवढ्याशा जागेत, मग प्लास्टिक वितळणारच की.

म्हणून कनेक्टर जोडलेला ठेवून, पंपाचा सप्लाय चालू असताना मोजायचं (गाडीच्या ईसीयूला जोडायच्या स्कॅनरनं पंप चालवता येत असेल तर उत्तम, टाकीजवळ ठिणगी नको). मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं पंपाच्या प्लस पिनेला, आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर मधेच कुठंतरी व्होल्टेज खाल्लं जातंय, मग रिले, कनेक्टर असं एकेक तुकडा मोजत जायचं. तसंच मायनसला. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीत तर मी मायनसपासूनच सुरुवात करीन, बॉडीला कसलेला अर्थिंगचा (मायनसचा) बोल्ट गंजलेला असतो आणि तिकडं कुणी बघतच नाही.