गोबरगॅसचं अनुदान: खड्डा खणण्याआधी जुळवायच्या गोष्टी

आधी शेण मोजा, मग अर्ज. १ घनमीटर गॅसला रोज साधारण २५ किलो ताजं शेण आणि तेवढंच पाणी लागतं. २ घनमीटरला ५० किलो, म्हणजे गोठ्यात बांधलेली चार-पाच मोठी जनावरं. बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडे गुरं दिवसभर रानात चरतात, निम्मं शेण तिकडेच पडतं. तिथे जनावरं मोजून आकार ठरवला की टाकी उपाशी राहते.

केंद्राच्या राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रमात रोज १ ते २५ घनमीटर गॅस देणाऱ्या टाक्यांना अनुदान ठरलं. २०२५-२६ पर्यंतच्या टप्प्यात २ ते ४ घनमीटरला १४,३५० रुपये होते, अनुसूचित जाती-जमातींना २२,०००. पुढच्या टप्प्याचा दर अर्जाच्या दिवशी तालुका पंचायतीत विचारा. यातून सगळा खर्च निघत नाही, हे धरूनच चाला.

कागद: आधार, आधारशी जोडलेल्या खात्याचं पासबुक, जागेचा उतारा (आरटीसी), फोटो आणि लागू असेल तर नाडकचेरीचा (गावाजवळचं महसूल कार्यालय) जातीचा दाखला. खरी अडचण नावाची. आधारवर एक स्पेलिंग, उताऱ्यावर कन्नडमध्ये दुसरं, पासबुकात तिसरं. पैसे थेट खात्यात येतात, त्यामुळे हे आधीच सारखं करून घ्या. उतारा सामाईक असेल तर बाकी हिस्सेदारांची लेखी संमती जवळ ठेवा. महाराष्ट्रात चंदगड-कागलकडेही जमीन असणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: टाकी ज्या राज्यात, अर्ज त्याच राज्यात. कर्नाटकातल्या जागेसाठी सातबारा कामाचा नाही.

मंजुरी हातात आल्याशिवाय खड्डा घेऊ नका. जागा उन्हातली, स्वयंपाकघराजवळ, विहिरीपासून किमान १५ मीटर लांब. दीनबंधू (पक्क्या घुमटाची टाकी) बांधायला सरावलेलाच गवंडी हवा. गिलाव्याला केसाएवढी चीर राहिली तरी गॅस गळतो. चिक्कोडीकडच्या काळ्या मातीत तळाला मुरूम-वाळू ठोकून भरा, नाहीतर माती फुगून बांधकाम तडकतं. खानापुरात बांधकाम पावसाआधी उरका.

रोज २ घनमीटर गॅस देणाऱ्या टाकीत पहिल्या भरणीला सुमारे दोन टन शेण लागतं, तेव्हा ते महिनाभर आधीपासून साठवा. सुरुवातीचा गॅस पेटत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो सोडून द्या. शेगडी नीट पेटू लागल्यावरच तपासणीला बोलवा, कारण चालू सयंत्राचा जागेच्या जीपीएस नोंदीसह फोटो लागतो.

उसाचा पाला सरळ टाकू नका. तो तरंगतो, वर साय धरतो आणि गॅस अडतो. कुट्टी करून, कुजवून, शेणात थोडाच मिसळा. निपाणीकडच्या तंबाखूच्या काड्या तर टाकूच नका. त्या लाकडासारख्या असतात, आत कुजत नाहीत.